पोळ्याचा रंग

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. आधी खोकला, मग दोन आचके दिले, धुराड्यातून थोडा पांढुरका धूर सोडला आणि नांगर जमिनीत रुतलेला असतानाच गप्प झाला. सकाळपासून ही तिसरी खेप होती.

छगन सीटवर तसाच बसून राहिला. शिव्या देऊन झाल्या होत्या, देवाचं नावही घेऊन झालं होतं. आता काय करायचं उरलं, ते त्याला कळेना. तेवढ्यात बांधावरून त्याचा मोठा भाऊ हिलाल ढेकळं तुडवत तरातरा आला.

"डिझेल पाही ले," तो ओरडला.

"शे डिझेल. सकायलेच टाकी भरी."

"पाही ले म्हनस ना मी."

हिलालला हळू बोलताच येत नसे. सुरतेला उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर, त्याची हयात गेली होती. शेकडो लूम एकदम खडखडतात तिथं शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलावं लागतं, आणि ती सवय माणूस घरी घेऊन येतो. कान तर केव्हाच गेले होते. ते राहत त्या नवागामच्या गल्लीत पोरं त्याला मागून काय वाटेल ते म्हणत आणि तो आपला शांतपणे पुढं चालत राही. घरात मात्र तो नाना होता, आणि थोरला असल्यामुळं शेवटचं बोलणं त्याचंच असे.

'पाही ले' म्हणाला खरा, पण छगनला पाहायची मुभा नव्हतीच. हिलाल स्वतः चाकावर चढला, बॉनेटवरच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं, बाभळीची काडी आत बुडवली आणि ओली काडी नाकापाशी धरून म्हणाला, "शे." जणू ते डिझेल त्यानंच शोधून काढलं होतं. लूम थांबला की आधी दोरा बघायचा, बाकीचं मागून. मालकाच्या शिव्या खात शिकलेलं हे शास्त्र त्यानं ट्रॅक्टरला जसंच्या तसं लावलं होतं.

झाकण बॉनेटवर काढून ठेवून तो खाली उतरला. मग छगननं पान्यानं फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि पंपाची छोटी दांडी अंगठ्यानं वर-खाली दाबायला लागला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सरळ धार. हवा निघाली म्हणून स्क्रू आवळला, हिलालनं झाकण घट्ट लावलं, छगननं स्टार्टर मारला. ट्रॅक्टर काही झालंच नाही असा चालू झाला. हिलालनं मिशीवरून हात फिरवला. अर्ध्या तासानं वावराच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर पुन्हा खोकला.

हे सगळं चाललं होतं दिंडोलीच्या पुढं, नटुभाई पटेलांच्या काळ्या वावरात. पावसानं उघडीप दिली होती, जमिनीला वाफसा आला होता. अशा जमिनीत नांगर घातला तर ढेकूळ हातानं फुटतं. चार दिवस ऊन खाल्लं की तीच जमीन दगड होते. उसाची लावण व्हायची होती, आणि ही जमीन नटुभाई छगनला भागानं करायला देणार होते, एवढ्याच बोलीवर की नांगरट वेळेत झाली पाहिजे.

छगननं लूम सोडला त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. सोडताना तो बायकोला म्हणाला होता, "कान शाबूत शेत तवलोंग बाहेर पडस. नानासारखं नही व्हवानं माले." सुंदराला ते इतकं पटलं होतं, की माहेरच्यांनी नावं ठेवली तरी ती नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली. दोघा भावांनी मिळून हा जुनाट ट्रॅक्टर घेतला. कुणाची माती वाहा, कुणाच्या विटा वाहा, असं करत दिवस काढले. पण मजुरीचा ट्रॅक्टर आणि स्वतःच्या भागातलं वावर यांत फरक असतो. हे वावर हातचं गेलं तर छगनला पुन्हा लूमवर जावं लागणार होतं. मालकाचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला होता.

संध्याकाळी नटुभाई स्कूटरवरून आले. नांगरलेला तुकडा पाहिला, न नांगरलेलं वावर पाहिलं.

"छगनभाई, आ ट्रॅक्टर छे के पाडो?"

ट्रॅक्टरला रेडा म्हटलं तरी छगन कसनुसा हसला. हिलालला ऐकू आलं नाही म्हणून तोही हसला.

"परम दिवसे सांज सुधीमां खेडाई जवुं जोइए," नटुभाई म्हणाले. "नहीं तो मारा भाणियाने कहीश. एनुं नवुं ट्रॅक्टर छे." परवा संध्याकाळपर्यंत नांगरट झाली नाही, तर भाच्याचा नवा ट्रॅक्टर येणार, आणि ज्याचा ट्रॅक्टर त्याचा भाग, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. स्कूटर गेली. हिलालनं विचारलं, "काय म्हनना?" छगननं ओरडून सगळं पुन्हा सांगितलं. अपमान एकदा गिळता येतो, त्याला तो मोठ्यानं दुसऱ्यांदा बोलावा लागला.

दुसऱ्या दिवशी सुंदरा भाकरी घेऊन वावरात आली तेव्हा ट्रॅक्टर नुकताच मुका झाला होता. ऊन टाळूवर आलं होतं. छगनचा सदरा पाठीला चिकटला होता आणि हात कोपरापर्यंत डिझेलनं बरबटले होते. नळीत काही अडकलं असेल म्हणून सकाळी त्यानं तोंडानं नळी ओढून पाहिली होती, आणि तेव्हापासून तो थुंकत होता.

तिनं ट्रॅक्टरकडं एक नजर टाकली आणि तिचं डोकं फिरलं. पोळ्याला हिलालनं त्याला जो रंग फासला होता तो अजून जसाच्या तसा होता. गावी असते तर बैल सजवले असते. सुरतेत बैल कुठून आणायचे, म्हणून थोरल्यानं ट्रॅक्टरलाच न्हाऊ घातलं, मडगार्डवर ठिपके काढले, पुढच्या दिव्यांना गोंडे बांधले. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून टाकीच्या झाकणाला लाल ऑइलपेंटचे चांगले दोन जाड हात दिले आणि वर शिंगांना लावतात तसली सोनेरी बेगड चिकटवली. "याले शिंगं नहीत," तो म्हणाला होता, "मंग हाईच त्यानं शिंग." पुरणपोळीचा घासही त्यानं रेडिएटरला दाखवला होता. आता ते नटवं धूड वावराच्या मधोमध उभं होतं आणि दोघं भाऊ त्याच्याभोवती घाम पुसत फिरत होते.

हिलाल नेहमीप्रमाणं चाकावर चढला आणि झाकण फिरवलं. सुंदरा पाण्याची कळशी घेऊन चाकाजवळच उभी होती. झाकण ढिलं होताच टाकीतून आवाज आला. सूंऽऽ असा, लांबलचक. मग थांबला.

जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायची घरात रीत नव्हती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती हिलालशी सरळ बोलली नव्हती. काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत. तिनं पदर पुढं ओढला आणि छगनच्या पाठीमागून हलक्या आवाजात म्हणाली, "टाकीमातून सूं असा आवाज वना."

छगन हात पुसत राहिला.

"आयकतस का? आवाज वना टाकीमातून. हवा ओढी त्यानी."

छगननं वाकून पाना उचलला आणि वर चढलेल्या हिलालला विचारलं, "शे का?" हिलाल म्हणाला, "शे."

सुंदरानं भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं, खरं म्हणजे आदळलं. हे आजचं नव्हतं. घासलेट संपलं म्हणून सांगावं, तर हा भिंतीकडं तोंड करून बसलेला. पोरीला ताप आहे म्हणून दोनदा सांगावं, तर तिसऱ्यांदा हा विचारणार, काय? बायकोचं बोलणं म्हणजे कावळ्याची कावकाव, असंच याला वाटतं. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढं कोण तोंड वाजवणार? ती तडक घराकडं निघाली. भाकरीवर मुंग्या चढतील, हेही तिनं सांगितलं नाही.

दुपारी उधन्याहून गजेंद्र मिस्त्री आला. तो यवतमाळकडचा. मोटारसायकलवरून उतरतानाच म्हणाला, "पाह्यतो मी. काहून एवढे घाबरून राह्यले?" तो आला तेव्हा झाकण उघडंच होतं, डिझेल बघून झालेलं होतं. त्यानं डिझेलचा गाळ साठतो ती काचेची वाटी काढून धुतली, फिल्टर नवा टाकला, नळी काढून तिच्यात फुंकर मारली. टाकीत गुडगुड झाली. नळी साफ होती. सगळं जोडलं, हवा काढली, हिलालनं झाकण लावलं. ट्रॅक्टर असा पळायला लागला, की छगनला मिस्त्रीच्या पाया पडावंसं वाटलं. गजेंद्रनं तीन फेऱ्या पाहिल्या, चहा घेतला, मोटारसायकलला किक मारली. तो रस्त्याला लागतो न लागतो तोच वावरातून खोकला ऐकू आला.

तो परत आला. आता त्याचंही तोंड पडलं होतं. त्यानं उकिडवं बसून पंपाकडं बराच वेळ पाहिलं.

"पंपच खोला लागन," तो म्हणाला. "सकाळी काढतो. दुकानात नेऊन द्या लागते. दोन-तीन दिवस त जातीलच."

"दोन-तीन दिवस आमनाजोडे नहीत," छगन म्हणाला.

"मंग मी काय करू, सांगा तुमीच."

हिलालनं विचारलं, "काय म्हनना?"

संध्याकाळी छगन नवागामच्या खोलीत मोरीवर बसून चुळा भरत होता. डिझेलची चव जाईना. सुंदरा चुलीपाशी होती. तेलाचा नवा डबा फोडायचा होता. तिनं खिळा घेऊन डब्याच्या एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल आलं, थांबलं, डबा गचके द्यायला लागला. थोडं सांडलंही. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, डबा खाली ठेवला आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं. आता तेलाची धार एकसारखी पडायला लागली.

धार तशीच पडत राहिली आणि तिचा हात थांबला. कढईत हवं त्याच्या दुप्पट तेल पडलं.

"आयकतस का," ती म्हणाली. "टाकीना झाकणले भोक व्हतं का? हवा जावाले?"

छगनची पाठ तिच्याकडं होती. त्यानं आणखी एक चूळ टाकली.

"मी काय इचारी राह्यनू?"

पाण्याचा तांब्या भरला, रिकामा झाला. सुंदरानं हातातला झारा कढईवर असा आपटला, की शेजारच्या खोलीतली रंजना डोकावून गेली. छगन उठला, तोंड पुसलं आणि तिच्यासमोर येऊन बसला. "सकाय मालकले भेटी येस," तो म्हणाला. "वावर तं आते जाईच. लूमवर निदान रोज काम शे." असं म्हणताना त्याचा चेहरा एवढा उतरला होता, की तिचा राग निम्मा घशातच राहिला. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चीड आली. जेवायला वाढलं तर त्यानं दोन घासांत ताट सारलं. म्हणाला, सगळ्याला डिझेलचा वास येतो.

पुन्हा सांगायचं नाही, तिनं ठरवलं. उद्या आपणच जायचं. सकाळी निघताना तिनं गोधडी शिवायची दाभण पदराच्या टोकाला खोचून घेतली.

ती वावरात पोचली तेव्हा गजेंद्र ट्रॅक्टरच्या बाजूला गोणपाट अंथरून पाने मांडत होता. पंप काढायच्या आधी एकदा चालवून पाहू म्हणून छगननं सकाळी दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि ट्रॅक्टर आताच बंद पडला होता. हिलाल काडी घेऊन चाकाकडं निघाला होता.

"नाना, झाकणले हात नका लावू," सुंदरा म्हणाली.

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा जेठाशी बोलली, आणि ते जेठाला ऐकूच गेलं नाही. तो एक पाय चाकावर ठेवून चढायला लागला. ती पुढं झाली. त्याला हात लावणं तर शक्यच नव्हतं. तिनं त्याच्या हातातली बाभळीची काडी खसकन ओढून घेतली. हिलाल वळला. धाकट्याची बायको डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात काडी घेऊन समोर उभी. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मिस्तरी, तुम्ही चढा," ती म्हणाली. "झाकण हळू उघाडा. नुसतं ढिलं करा, आनी कान द्या."

गजेंद्रनं एकदा छगनकडं पाहिलं, मग चढला. झाकण पाव आटा फिरवलं असेल-नसेल, टाकीनं लांब श्वास घेतला. सूंऽऽ. गजेंद्रचा हात तिथंच थांबला. त्यानं झाकणावर कान टेकवला आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत तसाच राहिला.

"अरे बापा," तो हळूच म्हणाला. "टाकी बांधून टाकली न तुमी. डिझेल खाली जाते, पन आत हवाच नाही येऊन राह्यली. मंग कसं येईन ते?" त्यानं झाकण काढून आतून पाहिलं. आतल्या बाजूनं बारीक भोक दिसत होतं. बाहेरून तिथं लाल रंगाचा पापुद्रा होता आणि त्यावर बेगड. "हे रंगोटी कोनं केली?"

सुंदरानं पदराची दाभण काढून पुढं केली. गजेंद्रनं बेगड नखानं सोलली, दाभण आतल्या भोकात घालून फिरवली. रंगाचा लाल तुकडा त्याच्या तळहातावर पडला, मसुराच्या डाळीएवढा. उघड्या भोकातून त्यानं फुंकर मारली. वारा आरपार गेला.

"जवा जवा बंद पडे तवा तुमी पैले झाकन उघडत. उघडलं का हवा शिरे, आन् मंग जे काही करा त्यानं चालू होये," तो म्हणाला. "मी आलो तवाबी उघडंच व्हतं. मले कसं समजन?"

छगननं हे सगळं हिलालच्या कानाशी ओरडून सांगितलं. हिलालनं तो लाल तुकडा हातात घेऊन खूप वेळ पाहिला. मग तो बांधाच्या बाजूला जाऊन, सगळ्यांकडं पाठ करून बसला. "मनाच रंग," माझाच रंग, एवढंच त्याचं बोलणं ऐकू आलं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हळू म्हटलं.

गजेंद्र पाने गोळा करायला लागला. त्याला हायसं वाटलं होतं, म्हणून तो बोलत सुटला. "मोठ्या भाऊचं ठीक हाय, त्याईले ऐकू नाही येत. पन छगनभाऊ, तुमी त बाजूलेच उभे राहता न रोज. एवढा मोठा आवाज. तुमाले नाही आला?"

छगननं पाना पुसला. आधीच पुसलेला होता तो. "मनं ध्यान नव्हतं," तो म्हणाला.

सुंदरानं त्याच्याकडं पाहिलं. आत्ता झाकण ढिलं केलं तेव्हा तो तिच्यापेक्षा जवळ उभा होता, आणि त्या वेळी ध्यान देण्यासारखं दुसरं काहीही नव्हतं. सगळे गप्प होते. तो मिस्त्रीच्या तोंडाकडं बघत होता.

छगन अवजारांच्या पेटीकडं वळला. ती त्याच्या मागं दोन पावलांवर उभी राहिली. पदर सारखा केला आणि घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आयकतस का?"

तो पाने पेटीत ठेवत राहिला.

"तुम्हले सांगी राह्यनू मी."

त्यानं पेटीचं झाकण लावलं, कडी घातली.

घासलेट, पोरीचा ताप, कालचा तेलाचा डबा, सगळं एकामागून एक तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. इतके दिवस ती ज्याच्यावर चिडत होती तो बेपर्वा माणूस मुळात नव्हताच. लूम वेळेवर सोडला, असं दोघंही धरून चालले होते. वेळ आधीच निघून गेली होती, आणि हे त्याला ठाऊक होतं का नव्हतं, ते विचारायचं बळ तिच्यात नव्हतं.

ट्रॅक्टर चालू झाला. अर्धा तास गेला, तासही गेला. प्रत्येक फेरीला हिलाल बांधावरून मान वर करून खोकल्याची वाट बघे. ऐकू येणार नव्हतंच, तो धुराड्याकडं बघत होता. धूर काळा आणि एकसारखा निघत राहिला. तिसऱ्या प्रहरी नटुभाईंच्या भाच्याचा नवा ट्रॅक्टर वावराच्या तोंडाशी आला. नटुभाई मागून स्कूटरवर आले. त्यांनी नांगरलेल्या वावरात उतरून पायानं ढेकूळ दाबलं. ते फुटलं. भाच्याला हातानंच खूण केली, जा, पाछो जा. मग छगनकडं बघून म्हणाले, "पाडो चाल्यो खरो." छगन हसला. समोर आले की त्याला सगळं कळत होतं, हे सुंदराच्या आता ध्यानात आलं. तो लोकांच्या ओठांकडं बघत होता.

दिवस मावळायला शेवटची फेरी झाली. छगननं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून नांगराची खीळ काढायला वाकला. वावरात एकदम शांत झालं. बांधावर सुंदरानं किटलीतून पेल्यात चहा ओतला आणि सवयीनं हाक मारली. तो वाकलेलाच राहिला. तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. हिलाल शेजारीच होता. तोही हलला नाही.

ती उठली. चहा सांडू नये म्हणून पेल्यावर पदर धरून ताज्या नांगरटीतून चालायला लागली. पाय घोट्यापर्यंत मातीत जात होते. ती त्याच्या पाठीशी थांबली नाही. ट्रॅक्टरला वळसा घालून पलीकडं गेली आणि त्याला दिसेल अशी समोर जाऊन उभी राहिली.

छगननं वर पाहिलं. "आठेलोंग कसाले वनी चालत?" तो म्हणाला. "हाक मारवानी ना."

"ध्यानमाच नही राह्यनं," सुंदरा म्हणाली, आणि पेला त्याच्या हातात दिला.